गर्भाशयमुख: मऊ होणं, आखूड होणं आणि उघडणं

रेवातीर

"पिशवीचं तोंड मऊ झालंय", "तोंड आखूड दिसतंय", "दोन बोटं उघडलंय". ही तिन्ही वाक्यं सर्रास एकाच अर्थाने घेतली जातात आणि निम्मा घोळ तिथूनच सुरू होतो. मऊ होणं सहाव्या-सातव्या आठवड्यापासून चालू असतं आणि ते प्रत्येक गरोदरपणात होतंच. आखूड होण्याचा अर्थ कितवा आठवडा आहे त्यावर ठरतो. उघडणं ही अगदी शेवटची पायरी. तिन्ही वेगवेगळ्या कारणांनी होतात, म्हणून तपासायच्या पद्धती आणि उपायही वेगळे. रचना मी मांडते, पुढचं ज्याने त्याने आपापल्या विषयातलं भरावं.

गर्भाशयमुख म्हणजे गर्भाशयाचा सर्वांत खालचा, दंडगोलाकार भाग. गरोदर नसताना लांबी साधारण ३ ते ४ सेंमी, जाडी अडीच सेंमीच्या आसपास. अर्धा भाग योनीच्या वर, अर्धा योनीत उतरलेला. मधून जाणारी नळी दोन्ही टोकांना अरुंद आणि मध्ये किंचित फुगीर असते. वरचं टोक आतलं तोंड, खालचं टोक बाहेरचं तोंड. योनीमार्गे बाळंतपण झालेलं नसेल तर बाहेरचं तोंड बारीक आणि गोल दिसतं, झालेलं असेल तर आडव्या फटीसारखं.

हा फरक व्यवहारात फार उपयोगाचा आहे. दुसरं-तिसरं बाळंतपण असलेल्या बाईच्या बाहेरच्या तोंडात आठव्या-नवव्या महिन्यात एक बोट सहज जातं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. महत्त्व आतल्या तोंडाला आहे. "एक बोट उघडं" असं कागदावर लिहिताना कुठलं तोंड ते लिहिलेलं नसेल, तर त्या नोंदीवरून काहीच ठरवता येत नाही.

रक्तपुरवठा गर्भाशयाच्या धमनीच्या खाली उतरणाऱ्या फांद्यांतून दोन्ही बाजूंनी येतो. घड्याळाच्या तबकडीवर सांगायचं तर ३ आणि ९ वाजताच्या जागी. मूत्रवाहिनी तिथून बाजूला जेमतेम २ सेंमीवरून जाते. मुखाला टाके घालणाऱ्याने या दोन गोष्टी कधी विसरू नयेत. वेदनेचं म्हणाल तर योनीतल्या भागाला चिमटा लावलेला फारसा कळत नाही, पण तोंड ताणलं की चांगलंच कळतं. कळांच्या पहिल्या टप्प्यातली वेदना छातीच्या दहाव्या मणक्यापासून कमरेच्या पहिल्या मणक्यापर्यंतच्या मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते, म्हणून ती ओटीपोट आणि कंबर दोन्हीकडे जाणवते.

ऊतीवाचक

रचनेत सर्वांत जास्त गैरसमज असतो तो स्नायूंबद्दल. गर्भाशयाचं शरीर स्नायूंचं, मुख मात्र मुख्यतः संयोजी ऊतीचं. त्यात कोलॅजन हाच खरा आधार. सुमारे ७०% पहिल्या प्रकारचं, उरलेलं बहुतांशी तिसऱ्या प्रकारचं. कोलॅजनचे तंतू एकमेकांना रासायनिक दुव्यांनी बांधलेले असतात, आणि मधली जागा प्रोटिओग्लायकन, हायल्युरोनिक आम्ल, थोडं इलॅस्टिन आणि पाणी यांनी भरलेली असते. सुतळीला पीळ घट्ट असला की ताण सोसते, पीळ सुटला की तेच धागे सहज लांबतात. गरोदरपणात धागे फारसे नाहीसे होत नाहीत, पीळ सुटतो.

हे टप्प्याटप्प्याने होतं. पहिला टप्पा मऊ होण्याचा. नवीन तयार होणाऱ्या कोलॅजनमध्ये दुवे कमी पडतात, जुनं हळूहळू बदललं जातं, रक्तपुरवठा आणि पाणी वाढतं. हे महिनोन् महिने चालतं, आणि तरीही मुख बंद राहतं. दुसरा टप्पा पक्व होण्याचा. तो शेवटच्या काही आठवड्यांत किंवा दिवसांत येतो. हायल्युरोनिक आम्ल झपाट्याने वाढतं, ते पाणी धरून ठेवतं, तंतू एकमेकांपासून दूर होतात, विस्कटतात. प्रोस्टाग्लँडिन ई२ हे शरीरातच तयार होणारं रसायन इथे मोठी भूमिका बजावतं. तिसरा टप्पा उघडण्याचा. त्यात कळांचा जोर लागतो. पांढऱ्या पेशी आणि त्यांच्यातली कोलॅजन तोडणारी विकरं (एन्झाइम) मुख्यतः इथे आणि बाळंतपणानंतर कामाला येतात. चौथा टप्पा दुरुस्तीचा.

या सगळ्याला इतके महिने आवर घालतं ते प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक. माणसात रक्तातली त्याची पातळी प्रसूतीआधी घसरत नाही (मेंढीत घसरते). बदलतो तो पेशींचा त्याला मिळणारा प्रतिसाद. म्हणूनच रक्तात प्रोजेस्टेरॉन मोजून "पिशवीचं तोंड टिकेल का" याचं उत्तर मिळत नाही. ती तपासणी या कामासाठी करून घेऊ नये.

अश्वत्थ

आतल्या तोंडाजवळ स्नायू बरेच असतात असं अलीकडे वाचनात येतं. मग ते आवळून धरतात असं म्हणायला काय हरकत आहे?

ऊतीवाचक

प्रमाण एकसारखं नाही, हे खरं. बाहेरच्या टोकाजवळ १०% च्या आसपास, वर आतल्या तोंडाजवळ निम्म्यापर्यंत, आणि तिथे त्यांची मांडणी वर्तुळाकार आढळते. त्यांचा दाब धरण्यात वाटा असू शकतो, जाणकारांत त्यावर अजून एकमत नाही. पण मुख स्नायूच आवळून धरत असते, तर स्नायू सैल करणारी औषधं दिल्यावर तोंड उघडलं असतं. अवेळी कळा थांबवायला नेमकी तीच औषधं देतात आणि तसं काही घडत नाही. गुदद्वाराच्या स्नायूसारखी उघडझाप इथे नाही. "व्यायाम करून पिशवीचं तोंड घट्ट करता येतं" हा सल्ला त्यामुळे निराधार. ओटीपोटाच्या तळाच्या व्यायामाचे फायदे वेगळे आहेत, गर्भाशयमुखापर्यंत ते पोचत नाहीत.

दुर्गासिस्टर

आतून तपासणाऱ्यांच्या उपयोगाचं थोडं. सहा ते आठ आठवड्यांत मुख निळसर-जांभळं दिसायला लागतं, कारण तिथे रक्त साठतं. त्याच सुमारास बोटाला ते मऊ लागतं. गरोदर नसताना नाकाच्या शेंड्याइतकं टणक, गरोदरपणात ओठांइतकं मऊ, ही शिकवणी जुनी असली तरी अचूक आहे. मुख आणि गर्भाशयाचं शरीर यांच्यामधला अरुंद पट्टा आणखी मऊ होतो, इतका की दोन्ही भाग सुटे आहेत की काय असं वाटतं. हा पट्टा सुरुवातीला जेमतेम अर्धा ते एक सेंमी असतो. १२ आठवड्यांनंतर तो उलगडत जातो आणि त्यातूनच गर्भाशयाचा खालचा भाग बनतो, ज्यावर पुढे सिझेरियनचा छेद घेतात.

आता तक्रारीचं. मुखाच्या बाहेरच्या भागावर सपाट पेशींचे थर असतात, नळीच्या आत चिकट स्राव करणाऱ्या उभट पेशींचा एकच थर. इस्ट्रोजेनमुळे मुख फुगतं आणि नळीतलं अस्तर बाहेर डोकावतं. ते एकपदरी असल्यामुळे लालभडक, दाणेदार दिसतं आणि स्पर्श झाला तरी ठिपकाभर रक्त येतं. संबंधानंतर किंवा आतून तपासल्यानंतर अंगावर लाल डाग जाण्याचं हे एक नेहमीचं कारण. याला "तोंडाला जखम आहे" म्हणून घाबरवतात. ती जखम नव्हे, तिला जाळायचं नसतं, बाळंतपणानंतर बहुतेकींमध्ये आपोआप आत जाते.

पण डाग गेला की हेच कारण असं गृहीतही धरायचं नाही. आधी वार कुठे आहे ते सोनोग्राफीत पाहायचं. वार खाली नाही हे कळल्याशिवाय रक्तस्राव असलेल्या बाईची बोटाने आतून तपासणी करायची नाही, हा नियम मोडायला कुठलंच कारण पुरेसं नाही. वार वर असेल तर यंत्र लावून मुख डोळ्यांनी पाहावं. पुन:पुन्हा डाग जात असेल आणि पॅप चाचणी (मुखाच्या पेशी पुसून घेऊन कर्करोगाच्या खुणा पाहणं) झालेली नसेल तर ती गरोदरपणातही करता येते. संशयास्पद जागेचा तुकडाही घेता येतो. नळीच्या आत खरवडणं मात्र गरोदरपणात टाळतात.

रेवातीर

चिकट बुचाबद्दलही कुणीतरी लिहा. दर आठवड्याला कुणीतरी विचारतं की बूच पडलं म्हणजे आता किती तास.

दुर्गासिस्टर

तास सांगता येत नाहीत. नळीतल्या ग्रंथी प्रोजेस्टेरॉनच्या अमलाखाली दाट, चिवट स्राव करतात आणि तो पूर्ण नळी भरून बसतो. त्यात प्रतिपिंडं, लायसोझाइम, लॅक्टोफेरिन असे जंतुविरोधी पदार्थ असतात. म्हणजे तो नुसता अडथळा नाही, गाळणीही आहे. मुख आखूड झालं की बूचही आखूड होतं, आणि योनीतले जंतू बाळाभोवतीच्या पडद्यांपर्यंत पोचण्याचं अंतर घटतं. आखूड मुखात जंतुसंसर्गाची भीती वाढते ती अशी.

दिवस भरल्यावर जेलीसारखा, गुलाबी किंवा तपकिरी रेषा असलेला स्राव गेला तर मुख बदलतंय एवढंच समजायचं. कळा त्या रात्री येतील किंवा आठवड्याने. ३७ आठवड्यांच्या आत तसा स्राव गेला, पाण्यासारखं पातळ वाहिलं, किंवा लाल रक्त पाळीइतकं गेलं, तर थांबू नये, त्याच दिवशी तपासून घ्यावं.

सोनोदृष्टी

लांबीचा भाग माझा. सर्वांत जास्त चुका इथेच होतात म्हणून सविस्तर लिहितो.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत मुखाची लांबी दिसते, पण त्या आकड्यावर निर्णय घेऊ नये. मूत्राशय भरलेलं असलं की ते खालच्या भागाला पुढून दाबतं, समोरची आणि मागची भिंत चिकटते आणि मुख खऱ्यापेक्षा लांब भासतं. उघडलेलं आतलं तोंडही त्यात लपतं. मूत्राशय रिकामं केलं तर पोटावरून मुख नीट दिसत नाही. म्हणून योनीमार्गे सोनोग्राफी. वार खाली असली तरी ती सुरक्षित आहे, कारण प्रोब (योनीत घालायची सोनोग्राफीची दांडी) मुखाच्या आत जात नाही.

लघवी करवून घ्यायची. प्रोब मुखासमोरच्या योनीच्या खोबणीत न्यायचा, मुख दिसलं की थोडा मागे घ्यायचा आणि मग पुन्हा अलगद टेकवायचा, चित्र दिसेल इतपतच. जोर दिला की मुख लांबतं. समोरचा आणि मागचा ओठ सारख्या जाडीचे दिसले तर दाब बरोबर आहे, मागचा जाड आणि समोरचा चपटा दिसला तर तुम्ही दाबताय. मुखाने पडद्याचा निम्म्याहून जास्त भाग व्यापेल एवढं चित्र मोठं करायचं. आतलं तोंड, बाहेरचं तोंड आणि पूर्ण नळी एकाच चित्रात हवी. नळीभोवतीचा ग्रंथींचा पट्टा दिसला की आतल्या तोंडाची जागा चुकत नाही.

निशाण आतल्या तोंडापासून बाहेरच्या तोंडापर्यंत सरळ रेषेत. नळी वाकडी असेल तर सरळ रेषा खऱ्या लांबीपेक्षा कमी येते, पण वाकडी नळी सहसा लांब मुखातच असते. आखूड मुख सरळच असतं, त्यामुळे निर्णय बदलत नाही. ३ ते ५ मिनिटं पाहत राहायचं, तीन मापं घ्यायची, तांत्रिकदृष्ट्या चांगल्या चित्रांपैकी सर्वांत कमी आकडा लिहायचा. सरासरी काढायची नाही. पोटावर वरून साधारण १५ सेकंद हलका दाब देऊन आतलं तोंड उघडतंय का तेही पाहावं.

आकडे असे. २२ ते २४ आठवड्यांना सरासरी ३५ मिमीच्या आसपास. २५ मिमीच्या आत, २४ आठवड्यांपूर्वी, म्हणजे आखूड. १४ आठवड्यांच्या आधी मोजण्यात अर्थ नाही, कारण खालचा भाग अजून उलगडलेला नसतो आणि तोही मुखात धरला जातो. ३२ आठवड्यांनंतर मुख सगळ्यांचंच आखूड होत जातं, त्यामुळे काही तक्रार नसताना तेव्हा मोजून काळजी तेवढी वाढते.

फनेलबद्दल: आतलं तोंड उघडायला लागलं की चित्रात आधी इंग्रजी टी, मग वाय, मग व्ही, शेवटी यू असा आकार दिसतो. अहवालात "फनेलिंग" वाचून लोक हादरतात. पण पुढचा अंदाज बांधायला फनेलच्या खाली उरलेली बंद लांबीच जास्त उपयोगाची. ती ३० मिमी असेल तर फनेलला घाबरण्याचं कारण नाही. खालच्या भागात तात्पुरतं आकुंचन आलं तरी फनेलसारखं दिसतं. १५-२० मिनिटांनी परत पाहिलं की ते गेलेलं असतं.

प्रसूतिकक्ष

सोनोदृष्टींच्या मुद्द्याला पुरवणी. कळा येत आहेत अशी तक्रार घेऊन ३४ आठवड्यांच्या आतली बाई आली, तर लांबी निर्णयाला कामी येते. ३० मिमीच्या वर असेल तर येत्या आठवड्यात प्रसूतीची शक्यता फारच कमी. फायब्रोनेक्टिनची चाचणी (योनीतल्या स्रावात हे प्रथिन सापडतं का ते पाहून अवेळी प्रसूतीचा अंदाज बांधणं) करणार असाल तर नमुना आधी घ्या, मग बोटाने तपासणी आणि सोनोग्राफी. रक्त किंवा आदल्या २४ तासांतलं वीर्य असेल तर ती चाचणी खोटी होकारार्थी येऊ शकते.

आता लांबी कमी सापडली तर काय. आधी अवेळी प्रसूती झालेली नाही, एकच गर्भ आहे, २४ आठवड्यांच्या आत लांबी २५ मिमी किंवा कमी आहे: योनीतून प्रोजेस्टेरॉन, रोज रात्री २०० मिलिग्रॅम, साधारण ३६ आठवड्यांपर्यंत. आठवड्याला एकदा द्यायचं १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएटचं इंजेक्शन ही वेगळी गोष्ट. अमेरिकेत २०११ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि २०२३ मध्ये ती काढून घेतली, कारण पुढच्या चाचणीत फायदा दिसला नाही. दोन्हींना "प्रोजेस्टेरॉन" म्हणून एकाच पारड्यात टाकू नका.

आधी अवेळी प्रसूती झालेली आहे आणि आता २४ आठवड्यांच्या आत लांबी २५ मिमीच्या खाली आली: इथे मुखाभोवती टाका घालून ते बांधण्याचा फायदा दिसलेला आहे. जुळ्यांत नुसती लांबी कमी म्हणून टाका घालू नये. रबरी कडं (पेसरी) बसवण्याचे निष्कर्ष उलटसुलट आले आहेत, मी ते सुचवत नाही.

अश्वत्थ

आणि सक्तीची विश्रांती?

प्रसूतिकक्ष

तिने मुखाची लांबी वाढत नाही की अवेळी प्रसूती टळत नाही. पायांत रक्ताच्या गुठळ्या, स्नायू आणि हाडं कमकुवत होणं, मनाची ओढाताण हे मात्र नक्की पदरात पडतं. जड उचलणं, तासन् तास उभं राहणं कमी करा म्हणणं ठीक. तीन महिने पलंगाला खिळवणं ठीक नाही. चिठ्ठीवर "कम्प्लीट बेड रेस्ट" लिहायला एक ओळ लागते, म्हणून ते लिहिलं जातं.

रेवातीर

टाक्याचं तंत्रही येऊ द्या. शिरोडकर आणि मॅक्डोनाल्ड यांत नेमका फरक काय?

प्रसूतिकक्ष

मुंबईच्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांनी १९५५ मध्ये पद्धत प्रसिद्ध केली. त्यांनी मांडीच्या स्नायूवरच्या आवरणाची पट्टी वापरली होती. समोर योनीच्या अस्तराला छेद देऊन मूत्राशय वर सरकवायचं, मागेही छेद द्यायचा आणि पट्टी आतल्या तोंडाच्या पातळीला फिरवून अस्तराखाली पुरायची. मेलबर्नच्या मॅक्डोनाल्ड यांनी १९५७ मध्ये सोपी पद्धत दिली. काही न सोडवता, मूत्राशयाच्या खाली जमेल तितक्या वर, बटव्याच्या दोरीसारखा टाका, चार ते पाच घास (सुईचे टोचे) घेत. ३ आणि ९ वाजताच्या रक्तवाहिन्या टाळायच्या. घास ऊतीत खोल हवा पण नळीत शिरायला नको, शिरला तर पडदा फुटायची भीती. धागा न विरघळणारा. गाठ बहुधा समोर, टोकं दोन-तीन सेंमी लांब ठेवायची, काढताना सापडावीत म्हणून. दोन्हींच्या निकालांत मोठा फरक सिद्ध झालेला नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी मॅक्डोनाल्डच घालतात.

वेळ तीन प्रकारची. आधीच्या इतिहासावरून घालायचा असेल तर १२ ते १४ आठवड्यांत. सोनोग्राफीवरून असेल तर २४ आठवड्यांच्या आत. आणि तपासणीत तोंड उघडून पडदा दिसायला लागला असेल तर तातडीचा टाका, तोही साधारण २४ आठवड्यांपर्यंत. कळा चालू आहेत, पाणी गेलंय, जंतुसंसर्गाची लक्षणं आहेत, रक्तस्राव चालू आहे, यांपैकी काहीही असेल तर टाका घालायचा नाही. संसर्गावर टाका घालणं म्हणजे पू आत कोंडणं.

काढायची वेळ ३६ ते ३७ आठवडे. मॅक्डोनाल्डच्या टाक्याला सहसा भूल लागत नाही. कळा आधीच सुरू झाल्या तर लगेच काढायचा, नाहीतर मुख टाक्यावर फाटतं. काढताना गाठ ओढून धरायची आणि गाठीखालचा एकच धागा कापायचा. दोन्ही कापले की गाठ हातात येते आणि उरलेला धागा ऊतीत हरवतो.

दुर्गासिस्टर

दिवस भरल्यानंतरचं मी घेते. कळा सुरू करायच्या की नाही यापेक्षा आधीचा प्रश्न असतो तो मुख तयार आहे का. एडवर्ड बिशप यांनी १९६४ मध्ये दिलेली गुणपद्धत अजून चालते. पाच गोष्टी: किती उघडलंय (बंद ०, १-२ सेंमीला १, ३-४ ला २, ५ किंवा जास्त असेल तर ३), किती पातळ झालंय (३०% पर्यंत ०, ४०-५० ला १, ६०-७० ला २, ८०% पासून पुढे ३), बाळाचं डोकं किती खाली आहे (कटीतल्या हाडांच्या काट्यांच्या पातळीला ० धरून सेंमीत, वर असेल तर उणे; -३ ला ० गुण, -२ ला १, -१ किंवा ० ला २, त्याखाली ३), मुख टणक की मऊ (० ते २), मुखाची दिशा मागे, मध्ये की पुढे (० ते २). एकूण १३. आठ किंवा जास्त गुण असतील तर कळांचं औषध नीट लागू पडण्याची शक्यता चांगली. सहा किंवा कमी असतील तर आधी मुख पक्व करायचं.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे कच्च्या मुखावर ऑक्सिटोसिनचं सलाइन लावणं. ऑक्सिटोसिन गर्भाशयाच्या स्नायूला आकुंचन देतं, कोलॅजनचे तंतू सुटे करत नाही. बंद दारावर धडका बसत राहतात, बाई थकते, बाळ थकतं, आणि शेवटी "तोंड उघडत नाही" म्हणून सिझेरियन.

पक्व करायचे मार्ग दोन. औषधाने: डायनोप्रोस्टोन (म्हणजे प्रोस्टाग्लँडिन ई२) जेल ०.५ मिलिग्रॅम मुखाच्या नळीत, ६ तासांनी पुन्हा, २४ तासांत जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅम. जेल फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बाहेर राहिलेलं वापरून गुण आला नाही तर दोष मुखाचा नसतो. किंवा त्याच जातीचं मिसोप्रोस्टॉल २५ मायक्रोग्रॅम, गिळून दर २ तासांनी किंवा योनीत दर ६ तासांनी. २०० मायक्रोग्रॅमची गोळी ब्लेडने आठ तुकडे करून देणं धोक्याचं, तुकडे सारखे होत नाहीत. २०० मायक्रोग्रॅमची एक गोळी २०० मिली पाण्यात विरघळवून दर वेळी ढवळून २५ मिली द्यायची, २४ तासांनी उरलेलं टाकून द्यायचं. आधीचं सिझेरियन असेल तर मिसोप्रोस्टॉल द्यायचं नाही, व्रण फाटायचा धोका आहे. शेवटच्या मिसोप्रोस्टॉलनंतर ४ तास आणि जेलनंतर ६ तास गेल्याशिवाय ऑक्सिटोसिन सुरू करायचं नाही.

दुसरा मार्ग फुग्याचा. फोलीची नळी (लघवीसाठी घालतात ती, टोकाला फुगा असलेली) आतल्या तोंडाच्या पलीकडे सरकवून फुगा ३० ते ६० मिली निर्जंतुक पाण्याने फुगवायचा, हलका ताण देऊन मांडीला चिकटवायची. फुगा मुखाला यांत्रिक ताण देतो आणि तिथलंच प्रोस्टाग्लँडिन मोकळं करतो. फुगा गळून पडला की मुख साधारण तीन सेंमी उघडलेलं असतं. कळांचा अतिरेक होण्याची भीती यात कमी.

ऊतीवाचक

फुगा पडल्यावर "तीन सेंमी" म्हणजे निम्मी लढाई झाली असं समजू नका. फुग्याने ताणलेलं मुख कळांशिवाय थोडं परत मिटतं, आणि पातळ होणं अजून बाकी असू शकतं.

दुर्गासिस्टर

बरोबर, आणि पातळ होण्याची दिशा वरून खाली असते. आतल्या तोंडाचा भाग वर ओढला जाऊन गर्भाशयाच्या खालच्या भागात सामावतो. पहिलटकरणीत आधी मुख पातळ होतं आणि मग उघडतं. आधी बाळंतपण झालेलीत दोन्ही सोबत चालतं, म्हणून जाड मुख चार सेंमी उघडलेलं तिच्यात सापडू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींत सक्रिय टप्पा ५ सेंमीपासून धरला आहे. त्याआधी मुख हळू उघडलं म्हणून घाई करायची नाही. दर तासाला एक सेंमी ही सक्ती त्यांनीच बाजूला ठेवली. ५ सेंमीनंतर पहिलटकरणीत साधारण १२ तासांच्या आत आणि पुढच्या बाळंतपणांत १० तासांच्या आत तोंड पूर्ण, म्हणजे १० सेंमी, उघडतं. आतली तपासणी दर ४ तासांनी पुरे. दर तासाला बोटं घातल्याने मुख लवकर उघडत नाही, संसर्ग तेवढा आत जातो.

बोटांचा हिशोब अंदाजाचाच. एक बोट म्हणजे दीड सेंमी, दोन बोटं सैल म्हणजे तीन. प्रत्येकाची बोटं वेगळी, म्हणून एकाच बाईला शक्यतो एकानेच तपासावं.

मुख पूर्ण उघडायच्या आधी जोर करायला लावलं तर समोरचा ओठ डोकं आणि जघनास्थी यांच्यात चेमटतो आणि सुजतो. सुजलेला ओठ उघडण्यात अडथळा होतो. कूस बदलून किंवा गुडघ्या-हातांवर ओणवं राहून दाब कमी होतो. बहुतेक वेळा थोडा वेळ थांबलं की ओठ निघून जातो.

प्रसूतिकक्ष

बाळंतपणानंतर गर्भाशय घट्ट आवळलेलं आहे, वार पूर्ण आलीय, तरी लाल रक्त वाहतंय, तर मुख फाटलेलं असण्याचा विचार आधी करा. चांगला उजेड, मदतनीस, योनीच्या भिंती दूर करायला दोन रिट्रॅक्टर. स्पंज धरायचे दोन चिमटे घ्या. एकाने ओठ १२ वाजता धरा, दुसऱ्याने २ वाजता, मग पहिला सोडून ४ वाजता, असं पूर्ण फिरा. फाटण्याची नेहमीची जागा ३ आणि ९ वाजता. पहिला टाका फाटीच्या वरच्या टोकाच्याही वर घ्यायचा, कारण तुटलेली रक्तवाहिनी आत ओढली गेलेली असते. टोक दिसत नसेल तर आंधळे टाके घालू नका, फाट गर्भाशयापर्यंत गेलेली असू शकते आणि मूत्रवाहिनी तिथेच आहे. रक्त न वाहणाऱ्या बारीक चिरा शिवायची गरज नसते.

पहिले दोन-तीन दिवस मुख सैल लोंबतं, आठवडाभरात जेमतेम एक बोट जाईल इतकं मिटतं.

अश्वत्थ

शेवटचं एक. मुखाचा शंकूसारखा तुकडा शस्त्रक्रियेने काढलेला असेल, किंवा मुख पूर्ण उघडल्यावर सिझेरियन झालं असेल, तर पुढच्या खेपेला काय बघायचं?

सोनोदृष्टी

दोन्हींत पुढच्या खेपेला अवेळी प्रसूतीचा धोका थोडा वाढतो. तुकडा काढताना खोली १० मिमीपेक्षा जास्त गेली असेल तर जास्त, म्हणून शस्त्रक्रियेच्या कागदावरची आणि पॅथॉलॉजी अहवालातली खोली जपून ठेवा. पूर्ण उघडल्यावरच्या सिझेरियनमध्ये छेद फार खाली गेला तर तो मुखातूनच जातो, कारण तेव्हा मुख वर ओढलेलं असतं. अशा बाईत १६ ते २४ आठवड्यांत योनीमार्गे लांबी बघावी, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने. आधीची अवेळी प्रसूती किंवा चौथ्या-पाचव्या महिन्यातला गर्भपात सोबत असेल तर एकही माप चुकवू नका. सगळी मापं शक्यतो एकाच यंत्रावर, एकाच हाताने. दोन मापांमध्ये ३८ वरून २८ झालं तर २५ च्या वर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, पुढचं माप आठवड्यातच घ्या.